सूट किती, यापेक्षा खर्च किती?

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की आमच्या घराची बेल जरा जास्तच वाजते. कुणी दाखल्यातलं नाव दुरुस्त करायचं म्हणून येतं, कुणी फॉर्म भरायला, कुणी नुसतंच विचारायला. "शाळेला सुट्टी असते, आपांना नसते," असं आमच्या घरात चेष्टेनं म्हणतात. जून २०२४ मध्ये असंच एक कुटुंब मगरिबनंतर आलं. मुलगी दहावीपर्यंत आमच्याच उर्दू हायस्कूलची. पुढे सायन्सला गेली आणि सीईटीत चांगली चमकली. वडिलांचं मिरजेत गादीचं दुकान. सोबत अम्मी, मोठा भाऊ आणि एक फाईल.

फाईलमध्ये पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचं पत्र होतं. जाड, गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरांत अभिनंदन, आणि मधोमध ठळक टाईपात लिहिलेलं: ५० टक्के गुणवत्ता शिष्यवृत्ती. शाखा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. अब्बांनी ते पत्र चक्क लॅमिनेट करून आणलं होतं. दुकानात भिंतीवर लावायचं म्हणत होते. पोरीनं नाव काढलं, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता आणि तो आनंद खराच होता.

दुसरा पर्याय अजून कागदावर आलेला नव्हता. सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, ज्याला सगळे 'कॅप राउंड' म्हणतात, ती जुलै-ऑगस्टमध्ये होणार होती. तिचे गुण पाहता कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारातला तंत्रज्ञान विभाग मिळेल असं वाटत होतं. वाटत होतं, एवढंच. अडचण इथंच होती. एक पत्र हातात, त्यावर ३० जूनपर्यंत पन्नास हजार भरण्याची अट. आणि दुसरं पत्र येणार ऑगस्टमध्ये. दोन विद्यापीठांतून निवड करा असं म्हणणं सोपं आहे, पण दोन्ही एकाच दिवशी समोर उभी राहतात असं सहसा घडत नाही.

मी पत्र उलटं केलं. लॅमिनेशनमुळे मागची बारीक अक्षरंही चकचकत होती. शिष्यवृत्ती फक्त शिक्षण शुल्कावर, वसतिगृह आणि जेवणावर नाही. दरवर्षी सीजीपीए ८ किंवा त्याहून जास्त हवा आणि एकही विषय राहिलेला नको, नाहीतर पुढच्या वर्षापासून सवलत बंद. शुल्कात वार्षिक वाढ लागू राहील. अब्बांना विचारलं, "हे वाचलंत?" ते म्हणाले, "पाठीमागं काय असतंय आपा, नियम-बियम असतील."

इथं मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला एका ठिकाणी चाळीस टक्के फीमाफी मिळाली. बहिणीनं मला विचारलं. घरात शिकलेली मोठी मीच, बी.एड. झालेली. मी पत्राची पुढची बाजू वाचली आणि म्हणाले, "एवढी सूट कोण देतं? घे." पहिल्या वर्षी गणिताचा एक पेपर राहिला. दुसऱ्या वर्षी पूर्ण फीचं चलन हातात आलं. अर्ध्यावर सोडायचं तर पहिल्या वर्षाचे पैसे वाया, पुढे जायचं तर पैसे नाहीत. बहिणीनं बांगड्या गहाण ठेवल्या. त्यातली एक जोडी अम्मीनं तिला लग्नात दिलेली होती. ती सुटलीच नाही. बहीण मला आजवर एका शब्दानं बोललेली नाही. तेव्हापासून कुणाचंही पत्र मी आधी मागून वाचते.

मग मी अब्बांना दुकानाची वही काढायला सांगितली. कापूस किती किलो, खोळीचं कापड किती मीटर, मजुरी किती, हे ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना फीचा हिशेब अवघड नसतो. फक्त इंग्रजीतल्या पत्रापुढे आपण आपली वही मिटून ठेवतो. मी म्हटलं, "दुकानात तुम्ही 'वीस टक्के डिस्काउंट' अशी पाटी लावता, तेव्हा गिऱ्हाईक काय विचारतं?" ते हसले. म्हणाले, "डिस्काउंट दिसला की गिऱ्हाईक गादीची किंमत विचारत नाही."

पुण्याचा हिशेब असा निघाला. शिक्षण शुल्क वर्षाला ३,८०,०००. निम्मं माफ, उरले १,९०,०००. वसतिगृह आणि मेस १,६५,०००. परीक्षा, नोंदणी, युनिफॉर्म आणि इतर मिळून २५,०००. बेरीज केली आणि सगळे गप्प झाले, कारण ती बरोबर ३,८०,००० आली. म्हणजे अर्धी फी माफ होऊनसुद्धा घरातून जाणारी रक्कम पूर्ण फीएवढीच. चार वर्षांचे १५,२०,०००, तेही वार्षिक वाढ न धरता. आणि पहिल्या वर्षानंतर सवलत गेली, तर तीन वर्षांचे ५,७०,००० वर. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न साडेपाच लाखांच्या आसपास.

आता दुसरी बाजू. ही मुलगी नदाफ, म्हणजे ओबीसी. महाराष्ट्रात मुस्लिमांमधल्या बऱ्याच व्यावसायिक बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत: पिंजारी-नदाफ-मन्सुरी, तांबोळी, अत्तार, बागवान, मोमीन वगैरे. कॅपमधून प्रवेश घेतला, तर तेव्हाच्या नियमानं तिचं निम्मं शिक्षण शुल्क शासन भरणार होतं. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ८ जुलै २०२४ रोजी, नवा शासन निर्णय आला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची शंभर टक्के माफी. प्रवेश मात्र कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. आणि खाजगी विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. म्हणजे तीच मुलगी, तेच उत्पन्न, तोच दाखला. पण पुण्याच्या त्या विद्यापीठात गेली तर ही माफी तिला लागू नाही. ही गोष्ट अनेक घरांना प्रवेश झाल्यावर कळते.

कोल्हापूरला शिक्षण आणि परीक्षा शुल्क शून्य धरलं, तरी खर्च शून्य होत नाही. इतर शुल्कं साधारण १८,०००. खोली आणि मेस महिना ८,००० धरून दहा महिन्यांचे ८०,०००. पुस्तकं आणि येणं-जाणं १२,०००. वर्षाला १,१०,०००, चार वर्षांचे ४,४०,०००. पुण्यात आणि कोल्हापुरात १०,८०,००० चा फरक.

हे सगळं ज्या एका कागदावर उभं होतं, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या घरांत मदत अडते ती बहुतेक वेळा इथंच. आपल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' किंवा 'मुसलमान' लिहिलेलं असतं. बाप म्हणतो, "आम्ही नदाफ आहोत, अख्ख्या गल्लीला माहीत आहे." पण प्रांत कार्यालयाला गल्ली चालत नाही, कागद लागतो, आणि ओबीसीसाठी तो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. या मुलीच्या वडिलांच्या दाखल्यावर 'मुसलमान'. चुलत्यांच्या दाखल्यावरही तेच. आजोबा चौथीपर्यंत शिकले होते, तेही एका जुन्या उर्दू प्राथमिक शाळेत. मी तिथल्या मुख्याध्यापकांना भेटले. कपाटातून १९५० च्या दशकातलं जनरल रजिस्टर काढलं. पानं तपकिरी झालेली, शाई फिकी, आणि सगळं उर्दूत, शिकस्ता वळणाच्या अक्षरांत. लिपिक बिचारा मराठी शिकलेला, त्याला एक अक्षर लागत नव्हतं. 'असा काही उल्लेख आढळत नाही' असं तो लिहून देणारच होता. मी चष्मा पुसला आणि बोट ठेवत ठेवत वाचत गेले. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, धंदा, आणि पुढे अगदी स्वच्छ: नद्दाफ. उर्दू शिकून काय मिळतं, असं मला लोक अधूनमधून विचारतात. त्या दिवशी एका मुलीची चार वर्षांची फी मिळाली.

हे काम आम्ही ती अकरावीत असताना सुरू केलं होतं. जातीचा दाखला आणि त्यानंतर जात पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र यायला महिनेच्या महिने जातात. निकालानंतर पळापळ करणाऱ्यांचं पडताळणीत अडतं. नॉन-क्रीमीलेअरचं प्रमाणपत्रही लागतं, त्याची मुदत पाहून ठेवायची. ज्यांची बिरादरी ओबीसीत येत नाही, त्यांनी उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढावं. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

हिशेब संपला आणि मला वाटलं की प्रश्न सुटला. मुलगी तोवर एक शब्द बोलली नव्हती. मग खाली बघतच म्हणाली, "भाई के वास्ते थे ना पैसे?"

मोठ्या भावाला चार-पाच वर्षांपूर्वी बाहेरगावी खाजगी कॉलेजात घातलं होतं. सहा लाखांच्या वर खर्च झाला. तेव्हा ना कुणी वही काढली ना पत्र उलटं केलं. खोलीत कुणालाच उत्तर सुचेना. भाऊ उठून बाहेर गेला. अम्मी म्हणाल्या, "तेव्हा आम्हाला कळत नव्हतं बेटा." खरं होतं ते, पण पुरेसं नव्हतं. आणि मलाही स्वतःला विचारावं लागलं: मी जो हिशेब एवढ्या उत्साहानं मांडला, तो मुलासाठी मांडला असता का? आपल्याकडे मुलीसाठी स्वस्त पर्याय निघाला की लगेच सगळ्यांना पटतो. तो खरोखर चांगला आहे म्हणून पटतो, की मुलीचा आहे म्हणून, हे वेगळं करून पाहावं लागतं.

म्हणून आम्ही त्या रात्री निर्णय केला नाही. मी अब्बांना एकच सुचवलं: खर्चाचा एक आकडा आधी ठरवा, मुलगा असता तर जेवढा दिला असता तेवढाच, आणि तो तिला सांगा. मग कुठं खर्च करायचा ते तिला ठरवू द्या. अब्बांनी दोन दिवस विचार करून आठ लाख सांगितले. त्यात मामूंकडून येणारे तीन लाख कर्ज-ए-हसना होते.

आठ लाखांत पुणं बसत नव्हतं. उरलेल्या रकमेसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज, असा सल्ला मोठ्या चाचांनी दिला. अब्बा म्हणाले, सूद नको. चाचा म्हणाले, "मग आपली पोरं शिकायची कशी?" हा वाद आपल्या कितीतरी घरांत होतो. मी मुफ्ती नाही, ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं. हिशेब मात्र मी सांगू शकते. दहा लाख रुपये, दहा टक्के दर, दहा वर्षांची फेड, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,२०० आणि एकूण परतफेड पावणेसोळा लाखांच्या वर. शिक्षण चालू असताना चढणारं व्याज वेगळं. हा हप्ता सहसा शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो आणि मुलीच्या बाबतीत तो लग्नानंतरही चालू राहतो. त्याची बोलणी कोण करणार, हेही घरानं आधीच बोलून घ्यावं. नोव्हेंबर २०२४ पासून केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना आली आहे. ठरावीक संस्थांत प्रवेश असेल तर तारणाशिवाय कर्ज, आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याजसवलत. संस्था यादीत आहे का, ते आधी पाहावं लागतं. आणि सवलत व्याजात मिळते, मुद्दल पूर्णच फेडायचं असतं.

मामूंच्या तीन लाखांबद्दल मी एक आगाऊपणा केला. ते लिहून घ्या म्हटलं. किती, कधी, कसे परत करणार, दोन साक्षीदारांच्या सह्या. अम्मींना वाईट वाटलं, "सख्ख्या भावाशी कागद?" पण कर्ज लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातच आहे, आणि ती परक्यांपुरती आहे असं कुठं म्हटलेलं नाही. मामूंना काही वाईट वाटलं नाही. उलट त्यांनीच मसुदा पाठवला.

राहिली ३० जूनची मुदत. इथं आपले लोक दोनच गोष्टी करतात: घाबरून पैसे भरतात, नाहीतर रागावून सोडून देतात. तिसरी गोष्ट म्हणजे विचारणं. मुलीनं स्वतः ईमेल लिहिला, मी फक्त व्याकरण पाहिलं. कुटुंबाचं उत्पन्न लिहिलं, उत्पन्नाचा दाखला जोडला, कॅपचं वेळापत्रक सांगितलं आणि दोन गोष्टी मागितल्या: वसतिगृहाच्या शुल्कात काही सवलत आणि मुदतवाढ. सवलत मिळाली नाही. मुदत १५ जुलैपर्यंत वाढली. काही ठिकाणी पैसेही वाढवून देतात. न मागता कुणी देत नाही, आणि तोंडी मागितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

१५ जुलैलाही कॅपची यादी आलेली नव्हती. तेव्हा पन्नास हजार भरले, पण डोळे उघडे ठेवून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४-२५ च्या धोरणाप्रमाणे ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत द्यायचं होतं आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार कापता येत होते. ही तारीख दरवर्षी नव्यानं जाहीर होते, म्हणून त्या त्या वर्षाचं परिपत्रक पाहायचं. पावती जपून ठेवली. मूळ दाखले त्यांच्याकडे ठेवून घेऊ दिले नाहीत, फक्त दाखवले.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या फेरीत कोल्हापूर मिळालं. आता खरी दोन पत्रं समोर होती. मुलगी म्हणाली, मला दोन्ही बघायची आहेत. बाप-लेक पुण्याला जाऊन आले. काचेची इमारत, सरकते जिने, गालिचा घातलेलं ग्रंथालय. ती भारावून गेली आणि तिनं ते लपवलं नाही. तिची मैत्रीणही तिथंच जाणार होती. पण आम्ही तिच्या वहीत एक प्रश्न लिहून दिला होता, तो तिनं काउंटरवर विचारला: गुणवत्ता शिष्यवृत्ती घेऊन आलेल्यांपैकी किती जणांची ती तिसऱ्या वर्षी चालू आहे? उत्तर मिळालं की ही माहिती आमच्याकडे उपलब्ध नसते. सर्वांत मोठं पॅकेज किती, हे मात्र भिंतीवरच लिहिलेलं होतं. किती मुलं नोकरीला बसली आणि मधल्या मुलाला किती मिळालं, ते नव्हतं.

कोल्हापूरला जायला मिरजेहून रेल्वेनं पन्नासेक किलोमीटर. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, मोठं आवार, झाडी भरपूर. तिथं तिला तिसऱ्या वर्षातली एक ताई भेटली, इचलकरंजीची. कोणते प्राध्यापक चांगलं शिकवतात, मुली कुठं राहतात, कोणत्या कंपन्या येतात, कॅम्पसमधून नाही मिळाली तर नोकरी कशी शोधतात, सगळं तिनं बाकावर बसून सांगितलं. कंपन्यांची गर्दी पुण्यात जास्त, हे त्या ताईनंही मान्य केलं. म्हणाली, "आम्ही सुट्टीत इंटर्नशिप शोधायला पुण्यालाच जातो."

परत येताना गाडीत मुलीनं बापाला विचारलं, "कोल्हापूर घेतलं तर आठ लाखांतले उरलेले कुणाचे?" अब्बा म्हणाले, "तुझेच." तिनं ते लिहून मागितलं. मामूंचा कागद तिनं पाहिला होता ना! मग एका पानावर लिहिलं: चांगला लॅपटॉप, दोन उन्हाळे पुण्यात इंटर्नशिपचा खर्च, आणि पुढं एम.टेक. करायचं ठरलं तर उरलेले पैसे त्यासाठी. मामूंचे तीन लाख घ्यावेच लागले नाहीत.

पुण्याचा प्रवेश लेखी रद्द केला. पन्नास हजार परत आले, पण सात आठवड्यांनी, चार ईमेल आणि दर वेळी आयोगाच्या परिपत्रकाची प्रत जोडून.

दर वेळी स्वस्त तेच बरोबर, असं कुणी यातून समजू नये. मुलगे या शंभर टक्के माफीत येत नाहीत. त्यांच्यासाठी निम्म्या फीची योजना आहे, शिवाय आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर गुणवत्तेवर मिळणाऱ्या टीएफडब्ल्यूएसच्या पाच टक्के जागा आहेत, त्या फॉर्ममध्ये मागाव्या लागतात. मागच्याच वर्षी एका मुलाला कॅपमधून अशी शाखा मिळत होती जी त्याला नकोच होती. त्याच्या घरानं जास्त खर्चाचं विद्यापीठ घेतलं आणि मला ते पटलं. नकोशा शाखेत चार वर्षं फुकट काढणंही महागच पडतं. त्याच्या पत्रात सवलत कमी होती, पण तिला सीजीपीएची अट नव्हती, नुसतं पास होणं पुरेसं होतं. पन्नास टक्के आठच्या अटीवर आणि तीस टक्के विनाअट, यात मी तीस टक्के घेईन. अलीगढ किंवा जामियाला मुलं पाठवणाऱ्यांना फी कमी लागते हे खरं; पण वर्षातून दोन-तीनदा दिल्लीपर्यंतचं येणं-जाणं, थंडीचे कपडे, आजारपणात धावून जाणारं कुणी आहे का, हेही वहीत लिहावं.

आणि बाहेरून येणारी मदत, ट्रस्टची असो की सरकारची, वहीत धरताना 'जाहीर झाली' आणि 'खात्यात आली' असे दोन रकाने ठेवा. पीएच.डी.साठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप कितीतरी मुलांनी गृहीत धरली होती. ती २०२२-२३ पासून बंद झाली. आपल्या जमातीतले ट्रस्ट जकातीतून मदत करतात, ती पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे चारही वर्षं मिळेल असं नसतं. विचारून घ्या, विचारण्यात कमीपणा नाही. महाडीबीटीवरचा अर्जही दरवर्षी नव्यानं भरावा लागतो. आमच्या या मुलीनं तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवली आहे.

पहिल्या सेमिस्टरला तिला ७.६ पडले. पुण्यात किती पडले असते, कोण जाणे. तिथली गुण देण्याची पद्धत वेगळी. दुसऱ्या सेमिस्टरचा अभ्यास चालू आहे. ईदला आली होती तेव्हा मैत्रिणीचे पुण्याचे फोटो दाखवत होती, एकेक करून, बराच वेळ. मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाली, "कधी कधी वाटतं आपा." आणि मग लॅपटॉप उघडून तिनं स्वतः बनवलेलं एक ॲप दाखवलं. अब्बांच्या दुकानातल्या गाद्यांच्या ऑर्डरी आणि उधारी लिहून ठेवायचं. अब्बांना अजून ते वापरता येत नाही. लॅमिनेट केलेलं पत्र दुकानातच आहे, भिंतीवर नाही, वहीत खूण म्हणून.

या वर्षी ज्यांना उर्दूतलं जुनं रजिस्टर वाचून हवं असेल, त्यांनी रविवारी जोहरनंतर यावं. फक्त नावाच्या ओळीचा फोटो काढून आणू नका, पूर्ण पानाचा आणा. वरचे रकाने दिसल्याशिवाय कोणतं जातीचं आणि कोणतं धंद्याचं, ते मलाही सांगता येत नाही.